सातव्या पायरीवरचा पाहुणा

माझ्या नवऱ्याला एक खोड आहे. रिकामं दुकान दिसलं की ते त्याला आपलंसं वाटतं. तिथे गिऱ्हाईक का फिरकत नाही, हा प्रश्न त्याला कधी पडत नाही.

त्याचं नाव ललित. पुण्याची चांगली नोकरी सोडून हा जळगावला आला, ते 'शिवार'साठी. 'शिवार' हा एक नवा फोन. म्हणजे नुसता डबा नवा नव्हे, आतली सगळी यंत्रणाच वेगळी, 'आपल्या मातीची'. तुमच्या-आमच्या फोनमधलं एकही ॲप त्याच्यात चालत नाही. ही गोष्ट कंपनी जाहिरातीत अभिमानाने सांगायची. फोनचा रंग वाळलेल्या गोवरीचा, जाडीही साधारण तेवढीच. अक्षरं मात्र मोठी होती, तेवढं मान्य करते. ॲप घ्यायच्या जागेचं नाव 'चावडी'. मी पहिल्यांदा ती उघडली तेव्हा चावडीवर एक बॅटरी, एक कॅल्क्युलेटर, एक पंचांग आणि आणखी एक बॅटरी, एवढा माल होता.

ललितचं म्हणणं असं, की बाकीच्या फोनांवर लाखो ॲप पडलेली, आपलं कोण बघणार? इथे वावर मोकळं आहे. आधी पेरील त्याचं पीक. मी म्हटलं, ओसाड गावी एरंड बळी. तो म्हणाला, बरोबर, मला तो एरंडच व्हायचंय. अशा माणसाला टोमणा मारून काय उपयोग?

मेहरूणमध्ये आम्ही वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या. त्यातल्या एका खोलीच्या खिडकीतून तलावाचा तुकडा दिसतो, म्हणून तिला ऑफिस म्हणायचं. मी एका लॅबमध्ये रक्त तपासते. सकाळी लोकांच्या शिरा शोधायला मी बाहेर पडायची, तेव्हा हा नवी ॲपं काढायला बसलेला असायचा. आणि काढली काय काय! 'भरीत पार्टी' नावाच्या खेळात पडद्यावर बोट घासघासून वांगी भाजायची. फोन मुळातच इतका तापायचा की खरी वांगी ठेवली असती तरी भाजली असती. पावसाचं एक ॲप होतं, ते रोज 'शक्यता आहे' एवढंच सांगायचं. आणि त्याचा लाडका खेळ म्हणजे 'घड'. बागेतून केळीचा ट्रक भरायचा, खड्डे चुकवत स्टेशनापर्यंत न्यायचा आणि घड न खरचटता मालगाडीच्या वॅगनमध्ये चढवायचे. खेळात सात पायऱ्या होत्या. सातव्या पायरीवर ट्रक वॅगनपाशी पोचला की पुढे काही नाही. वॅगनचं दारच उघडायचं नाही. मी विचारलं तर ललित म्हणाला, आठवी पायरी मी केलेलीच नाही, इतक्या लांब कोण येतंय?

कंपनीचा माणूस महिन्या-दोन महिन्यांनी यायचा. जळगावच्या उन्हात जॅकेट घालून. दर दोन वाक्यांनी 'इकोसिस्टिम' म्हणायचा. मार्केटमध्ये मोबाईलचं दुकान असलेले कय्युमभाई ललितचे दोस्त. त्याच्या भिडेखातर त्यांनी चार 'शिवार' विकायला ठेवले होते. एकदा त्यांच्याकडे चोरी झाली. मी भेटायला गेले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "वहिनी, चोरानं चार्जर नेले, इयरफोन नेले. हे चार डबे मात्र नीट उचलून बाजूला ठेवून गेला."

आणि तरीही या चावडीवर ललितला एक गिऱ्हाईक होतं. अगदी एक.

ॲप कोण वापरतं हे ललितला त्याच्या पडद्यावर दिसायचं. तिथे एकच नाव होतं, 'पाहुणा'. नाव न लिहिणाऱ्याला ते ॲप पाहुणा म्हणायचं. आता नाव लिहायची जी चौकट ललितने केली होती, तिच्यात लिहिलेलं पुसलंच जायचं, त्यामुळे कोणीही आलं असतं तरी पाहुणाच झालं असतं. ही चूक नीट करायला त्याला वेळ नव्हता. हा पाहुणा रोज सकाळी यायचा. वांगी भाजायचा. पाऊस विचारायचा. प्रत्येक ॲपला पाच चांदण्या द्यायचा, त्या पावसाच्या ॲपलासुद्धा. 'घड'च्या सहा पायऱ्या त्याने पार केल्या होत्या, आणि आता रोज सातवीवर ट्रक घेऊन त्या बंद दारापाशी जाऊन उभा राहत होता. रोज. आम्ही जेवताना त्याच्यावर हसायचो. मी म्हणायचे, कुठल्या तरी खोलीत कोंडलेला असेल बिचारा, नाहीतर शुद्धीवरचा माणूस हे करणार नाही. एकदा मात्र मला दया आली. म्हटलं, तेवढं दार उघडून द्या ना त्याला. ललित म्हणाला, एका माणसासाठी कोण लिहीत बसेल?

मग श्रावण जवळ आला आणि ललितला कानबाई आठवली.

साक्रीजवळ आमचं गाव. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ घालून, नटवून तिला चौरंगावर बसवायचं आणि रोटांचा, म्हणजे जाड गोड भाकरींचा, नैवेद्य दाखवायचा. रोटाला गहू लागतात ते मुठीने. भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाने आपल्या हाताने सव्वा मूठ गहू टाकायचे. बायकांची मूठ धरत नाहीत. निवडायचं, दळून आणायचं, मळायचं, भाजायचं, ते सगळं आम्ही करायचं, पण मूठ पुरुषाची. आणि ज्याची मूठ पडली त्याच्या घराने तो रोट खायचा. ज्याची मूठ नाही, तो त्या कानबाईचा कोणी नाही.

आमच्याकडे एक मूठ पडत नव्हती. ती अभिमननानांची. नाना म्हणजे माझ्या सासऱ्यांचे, निंबाआबांचे, थोरले भाऊ. धुळ्याला एसटीत ड्रायव्हर होते, निवृत्त होऊन तिथेच राहिले. भांडण झालं ते माझ्या लग्नात. मांडवात मानाची टॉवेल-टोपी पहिल्यांदा थोरल्या काकांना द्यायची. पण माईकवाल्याने आधी एका पुढाऱ्याचं नाव घेतलं, मग त्याच्या चेल्यांची घेतली, आणि नानांचं नाव येईपर्यंत टोप्या संपल्या. नाना जेवणाच्या पंगतीतून नव्हे, मांडवातूनच उठून गेले. तेव्हापासून आबा म्हणत, आधी तो येऊ दे. नाना म्हणत, आधी बोलावू दे. एका टोपीसाठी दोन पिकली डोकी इतकी वर्षं उन्हात उभी होती. त्या टोप्यांची किंमत काय, तर धुतल्यावर दुसऱ्यांदा घालता येणार नाही अशा.

पण खरा मार बसला तो सासूबाईंना. त्या, म्हणजे आमच्या आई कुंदाबाई, आणि नानांची बायको यशोदाबाई या सख्ख्या बहिणी. दोन भावांना दिलेल्या. कानबाईच्या रात्री यशोदाबाईंनी गाण्याची ओळ टाकायची आणि आईंनी ती झेलायची, असं गावभर नाव होतं म्हणे. मी ते कधी ऐकलं नाही, कारण मी आले आणि ते बंद पडलं. आबांचा फोन आबांच्या खिशात, नानांचा नानांच्या. दोघी बहिणींना एकमेकींशी बोलायला चोरून कोणाचा तरी फोन मागावा लागायचा. दर वर्षी कानबाई बसली की आई कोपऱ्यात गप्प बसून टाळ्या वाजवत. आणि दर वर्षी गहू निवडताना मला हळूच विचारत, यंदा येईल का गं अक्का? मी म्हणायचे, येतील. मला खोटं बोलण्याचा संताप यायचा, पण आबांसमोर बोलायची छाती नव्हती.

ललितने ॲप काढलं, 'रोट'. भाऊबंदांनी आपल्या फोनवर 'मी भाऊबंद' हे बटण दाबायचं, घरातले पुरुष किती ते भरायचं, आणि फोन किती गहू लागतील ते सांगणार. मी म्हटलं, अहो, मूठ हाताची असते. फोनला मूठ कुठे आहे? शिवाय भाऊबंदात 'शिवार' आहे कोणाकडे? त्याने आबांना एक फोन दिला होता, चुलतभाऊ भटूदादांना एक, आणि एक स्वतःकडे. आबा त्याच्यावर फक्त पंचांग बघायचे. पण जॅकेटवाल्याला ही कल्पना फार आवडली. परंपरा, तंत्रज्ञान, इकोसिस्टिम. तो म्हणाला, कानबाईच्या दिवशी आम्ही गावात येऊन तुमची फिल्म काढणार.

रविवारच्या आधी ललितने ॲप उघडलं तेव्हा आकडा चुकत होता. आबा, ललित, भटूदादा आणि त्यांचे दोन मुलगे, म्हणजे पाच मुठी व्हायला हव्यात. फोन सहा सांगत होता. त्याने शोधलं, तर पाच नावं त्याने स्वतःच भरलेली, आणि सहावी मूठ पाहुण्याची. कुठल्या तरी रिकामटेकड्याने 'घड' खेळता खेळता हेही बटण दाबलेलं. आम्ही दोघंही हसलो. ललितने त्याला यादीतून पुसलं आणि आकडा पाच झाला. बाजारातल्या पाकिटावर लिहितात तसं मला म्हणाला, शंभर टक्के अचूक. त्याप्रमाणे गावात पाच जणांनी मुठी टाकल्या, आम्ही गिरणी धुऊन घेऊन पीठ दळून आणलं.

रविवारी दुपारी ओसरीवर तोबा गर्दी. कानबाई बसली होती. आत मी आणि आई पीठ मळून बसलो होतो, चूल पेटलेली. बाहेर जॅकेटवाला कॅमेरा लावून ललितला खुर्चीत बसवत होता. तेवढ्यात अंगणात कोणीतरी चपला काढल्या आणि आईंच्या हातातला गोळा परातीत पडला. त्यांनी पावलांचा आवाज ओळखला असावा. मी वाकून पाहिलं. दारात अभिमननाना उभे होते, धुतलेला पांढरा सदरा, मागे यशोदाबाई. त्यांच्या हातात नारळ, आणि नानांच्या हातात गोवरीच्या रंगाचा तो फोन.

आबा उठले. नानांनी फोन पुढे धरला आणि म्हणाले, "माले बोलावणं उनं, मी उनू." बोलावणं आलं, म्हणून ते आले होते.

आबांनी डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आपली मूठ धरली आहे, रविवारी रोटाला या. 'मी भाऊबंद' दाबलं की ते आपोआप जात होतं. माणसाला नंतर पुसलं तरी त्याला तसं कळवायची सोय ललितने केलेली नव्हती. पण हे आम्हाला नंतर कळलं. तेव्हा आबांना वाटलं पोराने बोलावलं, आणि पोराने बोलावलं तर आपल्याला नमतं घ्यावं लागलं नाही. त्यांचा चेहरा सैल पडला. त्यांनी नानांना सतरंजीवर बसवलं. यशोदाबाई आत आल्या आणि दोघी बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं टेकून नुसत्या उभ्या राहिल्या. मला रडू आलं, ते मी धुरावर ढकललं.

एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण कॅमेरा सुरू होता, आणि नवऱ्याच्या तोंडाला कधी कुलूप नसतं. नाना आले ते ललितने पाहिलं होतं, पण फोनवरचं वाचलं ते आबांनी. जॅकेटवाल्याने विचारलं, तुमचं ॲप किती अचूक आहे, ते प्रेक्षकांना सांगा. ललित छाती काढून बसला.

"एक उदाहरण देतो," तो म्हणाला. "परवा एक मूठ जास्त येत होती. कोणीतरी परका मधे घुसला होता. आम्ही ताबडतोब शोधला आणि काढून टाकला."

सतरंजीवर बसलेल्या नानांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. मग ललितकडे. ललितचंही लक्ष तेव्हा त्या फोनकडे गेलं. जळगाव-धुळ्यात मिळून किती जणांकडे 'शिवार' होता हे त्याच्याइतकं कोणाला माहीत?

"ती मूठ मनी व्हती, ललित," नाना म्हणाले.

माझी होती, एवढंच; आवाज चढवला नाही. उठले, टोपी नीट केली आणि बायकोला हाक मारली. आत यशोदाबाईंनी आईंचा हात सोडला. सवय असल्यासारखा सोडला, ते मला जास्त लागलं. ललित मागे धावला, नाना, चूक झाली, मला माहीत नव्हतं तुम्ही आहात. नाना म्हणाले, तुझं नाव येतं म्हणून तर मी हा फोन घेतला. रोज तुझा खेळ उघडला की खाली लिहिलेलं असतं, 'बनवणारा ललित निंबा'. वाचून बरं वाटायचं.

आम्ही ज्याच्यावर जेवताना हसायचो तो हा. शुद्धीवर नसलेला. कोंडलेला. मला माझ्या जिभेची लाज वाटली, आणि ललितचा तर गळा धरावासा वाटला.

आबा म्हणाले, "पीठ मळाई गयं. आते काय करता येस?" रोटाचं पीठ दोनदा दळत नाहीत, असं ते जमिनीकडे बघत सांगू लागले. पुढच्या वर्षी बघू. इतक्या वर्षांनी दारात आलेल्या भावाला त्यांनी पुढची तारीख दिली. आणि जॅकेटवाला काय म्हणतो, तर फार छान भावना आल्या आहेत, नानांना परत एकदा दारातून बाहेर जाता येईल का, मघाशी उजेड मागून होता. मी त्याला दंडाला धरून त्याच्या गाडीत नेऊन बसवलं आणि सांगितलं, काच वर कर.

परत आले तो ओसरीवर आई उभ्या होत्या. सासूबाई आजवर कधी जेठांशी, म्हणजे थोरल्या दिरांशी, समोरासमोर बोललेल्या नाहीत. आमच्याकडे ती रीत नाही, पदर पुढे ओढायचा आणि आत व्हायचं. त्या दिवशी पदर डोक्यावरच होता, पण मागे. हात कोपरापर्यंत पिठाने भरलेले.

"नाना, बसा," त्या म्हणाल्या. मग आबांकडे वळल्या. "मूठ तुम्हनी, पन हात आमना शेतस. नानांनी मूठ नही, तं आम्ही रोट भाजावूत नही."

आबा हसल्यासारखं काही करू गेले. भटूदादांची बायको आतून आली आणि आईंच्या शेजारी उभी राहिली. मी चुलीपाशी गेले आणि जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली. धूर ओसरीभर झाला. चौरंगावर कानबाई नथ घालून बसलेली, नैवेद्याची वेळ होत आलेली, आणि घरात चूल विझलेली. दुकान, शेत, भाऊबंदकी, सगळीकडे यांचं चालतं. रोट मात्र यांतल्या एकाला भाजता येत नव्हता.

आबांनी एकदा विझल्या चुलीकडे पाहिलं. मग स्वतः कोठीच्या खोलीत गेले. आतून पत्र्याचं झाकण वाजलं. सुपात गहू घेऊन बाहेर आले, नानांच्या समोर खाली बसले आणि सूप पुढे सरकवलं.

"भाऊ, टाक मूठ," म्हणाले. "मनंच चुकनं."

टोपीबद्दल कोणी काही बोललं नाही. नानांनी सुपात हात घातला. आयुष्यभर एसटीचं स्टेअरिंग धरलेला तो पंजा. आमच्या पाचांच्या मुठींत मिळून जेवढे गहू बसले नसतील तेवढे त्या एका मुठीत आले, असं मला वाटलं. वर पाव मूठ टाकली. गिरणी बंद होती, म्हणून कोपऱ्यात पडलेलं जातं पुसून मांडलं. दोघी बहिणी समोरासमोर बसल्या, एका खुंट्यावर दोघींचे हात. यशोदाबाईंनी ओळ टाकली. आवाज फाटका होता, बराच काळ न वापरलेला. आईंनी ती झेलली. मी पहिल्यांदा ऐकत होते, आणि मला पुन्हा चूल पेटवायचं भान राहिलं नाही.

ललित पायरीवर मान घालून बसला होता. कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं, आणि मी तर बोलणारच नव्हते. नाना सावकाश त्याच्याजवळ जाऊन बसले. फोन काढला, चष्मा लावला, आणि त्याच्यापुढे धरला. पडद्यावर केळीचा ट्रक होता. एकही घड खरचटलेला नव्हता.

"सातवी पायरीवर गाडी पोचस," त्यांनी विचारलं, "पन वॅगननं दार उघडत नही. रोज करस मी. मनं काय चुकस रे?"

ललितने मान वर केली.

"तुमचं काही चुकत नाही, नाना," तो म्हणाला. "दार मी केलंच नाही."

नानांनी चष्म्यावरून त्याच्याकडे नीट पाहिलं. पुण्यापासून जळगावपर्यंतच्या सगळ्या जॅकेटवाल्यांनी मिळून जे त्याला कधी सांगितलं नव्हतं, ते त्यांनी दोन शब्दांत सांगितलं.

"मंग कर."

ललित लॅपटॉप आणायला उठला. आईंनी गाणं न थांबवता हाताने खूण केली आणि त्याला आधी जात्यावर बसवलं.